पाण्याला वाट एकच ठेव

सहा फुटी टाकी घ्यायचं ठरवलंस ते छान झालं. मासे कुठले, दिवे कुठले हे तुझं तू बघशील, त्यात मी लुडबुड करणार नाही. पण टाकीखालच्या कपाटात जे बसणार आहे त्याबद्दल मामाचं ऐक. तिथल्या गाळणीत मीडिया, म्हणजे जिवाणूंना बसायला जागा देणारा भराव, कुठला भरावा यावर लोक तासन् तास वाद घालतात. तो कशात भरला आणि कसा बसवला, याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बिघडलेल्या टाक्यांत मीडिया चांगलाच होता, पाणीच त्यातून जात नव्हतं.

आधी हिशेब करू. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे २४ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ ६८० लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडून ६०० धर. तुझे ऑस्कर मासे आणि बाकीची पलटण मिळून दिवसाला १० ग्रॅम दाणे खातील असं समज. दाण्यात ४० टक्के प्रथिनं असली तर मत्स्यशेतीवाल्यांचा ठोकताळा असा: दाण्याचं वजन गुणिले ०.४० गुणिले ०.०९२. उत्तर येतं साधारण ०.३७ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन, आणि हे रोजचं. ६०० लिटरमध्ये ते लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम झालं. गाळणी बंद पडली तर चार दिवसांत अडीच मिलिग्रॅमच्या आसपास जाईल. हा आकडा किती वाईट, ते पाण्याच्या पीएचवर ठरतं. पीएच ७ असेल तर २५ अंशांना त्यातला जेमतेम अर्धा टक्का मुक्त, म्हणजे खरा विषारी अमोनिया असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून लातूरकडच्या बोअरच्या पाण्यावर टाकी चालवणाऱ्याला गाळणीतली ढिलाई तुझ्यापेक्षा लवकर भोवते.

हा अमोनिया खाणारे जिवाणू सेर्गेई विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या गटाचं नाव नायट्रोबॅक्टर असं सापडेल. पण गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, हे टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. तुला यातलं एवढंच लक्षात ठेवायचंय की हे जिवाणू फार सावकाश वाढतात. घाणीवर जगणारे साधे जिवाणू चांगलं खाद्य मिळालं तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतात, हे बिचारे एक दुप्पट व्हायला साधारण दिवस घेतात. मीडियावर माशांची विष्ठा आणि उरलेले दाणे साचू दिलेस तर घाणीवरचे जिवाणू त्यांची जागाही बळकावतात आणि प्राणवायूही.

आणि प्राणवायू त्यांना भरपूर लागतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला ४.५७ ग्रॅम. तुझ्या टाकीच्या रोजच्या ०.३७ ग्रॅमला म्हणजे १.७ ग्रॅम. २५ अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ८.२ मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू विरघळतो, म्हणजे सगळ्या टाकीत मिळून पाच ग्रॅमसुद्धा नाही. त्यातला तिसरा हिस्सा एकटे हे जिवाणू रोज वापरणार, आणि मासे त्यांच्याबरोबर श्वास घेणारच आहेत. मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेलं की तीच मर्यादा साडेसातवर उतरते. तेव्हा मीडिया घेताना मी फक्त तीन गोष्टी विचारतो. त्यातून पाणी सहज वाहतं का? त्यात घाण अडकून बसते का? आणि तो मला उचलून खळबळता येतो का?

दुकानात तुला डब्यावरचे आकडे दाखवतील, एका लिटरमध्ये अमुक शे चौरस मीटर वगैरे. तो पृष्ठभाग बारीक छिद्रांच्या आतला असतो. जिवाणूंचा थर एकदा चढला की छिद्रांची तोंडं बुजतात आणि प्राणवायू मिलिमीटरभरही आत पोचत नाही. काम होतं ते बाहेरच्या पाण्याला लागून असलेल्या अंगावर. म्हणून महागड्या सिरॅमिक रिंगा वाईट नाहीत, पण त्यांच्या किमतीतला बराच भाग तुला कधी उपयोगी पडायचा नाही. लहान कॅनिस्टरमध्ये, म्हणजे बंद डब्याच्या गाळणीत, जागा कमी असते, तिथे त्या ठीक. मोठ्या सम्पमध्ये, म्हणजे कपाटातल्या कप्प्यांच्या टाकीत, मी पैसे पंपावर घालीन.

मला स्वतःला सगळ्यात आवडतात ती भांडी घासायची प्लॅस्टिकची गोल जाळीदार घासणी. अगं, नाक मुरडू नकोस. हातात घेऊन बघ: पातळ पट्टीचे वेटोळे, आत नव्वद टक्के मोकळी जागा, पाण्याला कुठेही अडथळा नाही आणि वजन नगण्य. फक्त कोरी घे, साबण लावून आलेली किंवा जंतुनाशक लावल्याचं पाकिटावर लिहिलेली नको, आणि तारेची तर मुळीच नको. रंगीत असतील तर रात्रभर बादलीत भिजव, पाण्याला रंग आला तर ती भांड्यांकडेच परत पाठव.

फोमही तितकाच चांगला. जाड छिद्रांचा, इंचाला वीस-तीस छिद्रांचा घे. तो गाळतोही आणि जिवाणूंना घरही देतो. त्याचा दोष एवढाच की तो लवकर भरतो आणि वारंवार पिळावा लागतो.

बायोबॉल पाण्याखाली बुडवून ठेवू नकोस. ते बनलेत ते वरून पाणी ठिबकायला आणि भोवतीने हवा खेळायला. तसा उभा ठिबक मनोरा करणार असशील तर त्यांच्याइतकं सोपं दुसरं काही नाही, पण सम्पमध्ये बुडवलेत तर घासणीपेक्षा जास्त पैसे देऊन कमी काम मिळतं.

दगडाबद्दल विचारशीलच. आपल्या सह्याद्रीत बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा बेसाल्ट मिळतो, लाव्हा रॉक म्हणून दुकानात विकतात त्याचाच तो भाऊ. पण आपल्याकडे त्या पोकळ्या पुष्कळदा झिओलाइट नाहीतर कॅल्साइटने भरलेल्या असतात. कॅल्साइटवर व्हिनेगरचा थेंब टाकलास तर बुडबुडे येतात, तसा दगड पाणी कठीण करील. शिवाय खडीच्या ढिगात निम्मीअधिक जागा दगडच खातो, कपाटावर वजन पडतं आणि तळाशी गाळ बसतो तो निघत नाही. कोकणातला जांभा दिसतो सच्छिद्र, पण पाण्यात त्याचा तांबडा भुगा सुटत राहतो. विटेचे तुकडे वापरायचे तर खणखणीत भाजलेल्या विटेचेच. वीट विटेवर आपटून आवाज ऐक, बद्द वाजली तर विरघळणार.

‘कोरल बोन’ म्हणून पांढरे तुकडे विकतात ते घेऊ नकोस. खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. समुद्रातून ओरबाडलेली वस्तू आपल्या कपाटात नको, आणि नुसती जिवाणूंना बसायला जागा म्हणून तर नकोच नको.

आता मूळ मुद्दा. पाणी म्हणजे लोकलच्या दारातली गर्दी, जिथे बोटभर फट दिसेल तिथून शिरणार. तुझ्या सम्पच्या कप्प्यात मीडियाची पिशवी आणि काच यांच्यामध्ये दोन बोटं जागा राहिली तर जवळपास सगळं पाणी त्या फटीतूनच जाईल, आणि पिशवीच्या पोटातला मीडिया शिळ्या पाण्यात बसून राहील. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मासे सोडण्याआधी पंप चालू कर आणि कप्प्याच्या तोंडाशी खाण्याच्या निळ्या रंगाचे चार थेंब टाक. रंग पिशवीत पसरत शिरला तर ठीक. काचेच्या कडेने सरळ रेष धरून पुढच्या कप्प्यात गेला तर पिशव्या परत लाव.

त्यासाठी पिशवी टम्म भरायची नाही. घट्ट भरलेली पिशवी गोल होते आणि चारी कोपरे मोकळे राहतात. दोन तृतीयांश भर, तोंडाशी सैल बांध, मग ती बसताना कोपऱ्यात पसरते. एक मोठी पिशवी करण्यापेक्षा तीन-चार लिटरच्या सहा-सात पिशव्या कर. खालच्या थराचा सांधा वरच्या पिशवीने झाकला जाईल अशा रचायच्या, गवंडी विटा लावतो ती सांधेमोड. तुझ्या टाकीला वीस-पंचवीस लिटर मीडिया पुरेल. त्याहून जास्त भरायची हौस मला कळते, पण जिवाणू अन्नाइतकेच वाढतात, जागा दिली म्हणून वाढत नाहीत.

पिशवीचं कापड नीट निवड. जाळीचं भोक मीडियाहून लहान, पण जमेल तेवढं मोठं. मच्छरदाणीची पिशवी लोक हौसेने शिवतात. तिची भोकं शेवाळी थराने आठवडाभरात बुजतात आणि मग पिशवी आतून रिकामी असली काय, भरलेली असली काय, पाण्याला सारखंच. घासणीला कांद्याची प्लॅस्टिकची जाळी उत्तम, बाजारात दहा किलोची रिकामी जाळी सहज मिळते. रिंगांना वॉशिंग मशीनमध्ये कपडे घालायची जाळीची पिशवी चालते, पण तिची चेन प्लॅस्टिकची हवी. धातूची चेन गंजते आणि ऐन वेळी उघडत नाही. सुती कापड, गोणपाट, सुतळी काही नको, सगळं कुजतं. तोंड नायलॉनच्या दोरीने बांध आणि दोरीचा एक लांब फास पाण्याच्या वर येईल असा ठेव. कोपरापर्यंत हात न बुडवता पिशवी उचलता आली पाहिजे, नाहीतर तू ती उचलणारच नाहीस.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. मीडिया अडवायला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी कधी लावू नकोस. ती जस्ताचा मुलामा दिलेली असते, जस्त पाण्यात उतरतं आणि माशांच्या कल्ल्यांवर जातं. मऊ पाण्यात त्याचा त्रास आणखी वाढतो, आणि तुमच्या ठाण्याला येणारं धरणाचं पाणी मऊच असतं. तांब्याची तारही नको. अडवण्यासाठी प्लॅस्टिकची फळांची क्रेट कापून घे, भाजीची जाळीदार टोपली घे, नायलॉनचे केबल टाय वापर.

पिशव्या तळाला टेकवायच्या नाहीत. पीव्हीसी पाइपचे दोन-तीन इंचांचे तुकडे उभे करून त्यावर क्रेटचा जाळीदार तळ ठेव, पिशव्या त्यावर. खाली जो गाळ पडेल तो सायफनच्या नळीने ओढून घेता येतो. पिशव्यांच्या वरही एक जाळी हवी, आणि ती का ते वीज गेल्यावर कळतं. पंप थांबला की वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंत खाली येतं. तुझ्या टाकीचा पृष्ठभाग बारा चौरस फूट, म्हणजे पातळी एक इंच उतरली तर २८ लिटर पाणी आलं. सम्प चार बाय दीड फुटांचा, पृष्ठभाग सहा चौरस फूट. वरचा एक इंच म्हणजे खालचे दोन इंच. पाइपातलं पाणी वेगळं. तेव्हा सम्पमध्ये निदान चार-पाच इंच रिकामे ठेव, आणि परतीच्या पाइपाला वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाड, म्हणजे उलटा सायफन लागणार नाही. पाणी वर चढलं की हलक्या घासण्यांच्या पिशव्या तरंगतात, काचेच्या पडद्यावरून पलीकडे जातात आणि वीज परत आली की पंपाच्या तोंडाला चिकटतात. वरची जाळी त्यांना जागेवर धरते.

काळी-पांढरी चाकांसारखी लहान प्लॅस्टिकची नळकांडी पाहिलीस ना, के१ म्हणतात ती? नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस सांडपाण्यासाठी ती पद्धत निघाली. एका घनमीटरला ५०० चौरस मीटर आतला सुरक्षित पृष्ठभाग, म्हणजे एका लिटरला अर्धा चौरस मीटर. ती पिशवीत बांधायची नसतात, हवेच्या झोताने कप्प्यात सतत फिरत राहायला हवीत. फिरताना एकमेकांना घासून जुना थर आपोआप गळतो, म्हणून धुण्याचं काम जवळजवळ नाही. कप्पा निम्माच भर. नवी नळकांडी वर तरंगत राहतात, काही आठवड्यांनी थर चढला की बुडू लागतात, तोवर घाई करायची नाही. बाहेर जायच्या तोंडाला फटी नळकांड्यांपेक्षा बऱ्याच लहान ठेव, पण जाळीचं क्षेत्र मोठं ठेव. लहानशा जाळीतून सगळं पाणी खेचलं गेलं तर नळकांडी तिला चिकटून बसतात, पाणी तुंबतं आणि कप्पा वरून वाहतो. पंपात एक नळकांडं गेलं तरी त्याचा पंखा अडकतो. तुला पहिल्याच टाकीला हे सांगणार नाही, पण मासे मोठे झाल्यावर एक कप्पा असा करायला हरकत नाही.

पाण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी जाड फोम, मग पांढरी वूल, मग पिशव्या. वूल भरली की पाणी तिच्या कडेने उडी मारतं आणि सगळी घाण थेट जिवाणूंवर येते, म्हणून ती आठवड्यात दोनदा बदल. पंप घेताना खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नकोस, तो पाणी वर न चढवता मोजलेला असतो. तुला चार-साडेचार फूट चढ आहे आणि तासाला तीन हजार लिटर खरोखर वर यायला हवेत, तेव्हा पाच हजारांच्या आसपासचा बघ आणि खोक्यामागचा उंचीचा तक्ता वाच.

धुण्याचं सांगतो. पिशवी नळाखाली धरायची नाही. पालिकेच्या पाण्यात क्लोरिन असतो, पावसाळ्यात अनेकदा जास्तच. पाणी बदलताना टाकीतलं जे पाणी काढशील तेच बादलीत घे आणि त्यात पिशवी दोन-तीनदा खळबळ. पाणी चहाच्या रंगाचं झालं की बस. घासणी हाताला बुळबुळीत आणि तपकिरी लागली, ओल्या मातीचा वास आला, तर सगळं ठीक चाललंय, तो बुळबुळीतपणा घासून काढू नकोस. सडक्या अंड्याचा वास आला तर त्या पिशवीतून पाणी जात नाहीये. ती धुऊन परत तिथेच ठेवली तर पुन्हा तेच होईल, तिची जागा बदल. एका वेळी एक-दोन पिशव्या धू, सगळ्या कधीच नाही, आणि त्याच दिवशी फोमला हात लावू नकोस. टाकीत घालायच्या नव्या पाण्याला क्लोरिन घालवणारा हायपो घाल.

नायट्रेट मात्र कुठल्याच पिशवीत अडकणार नाही. तुझ्या दहा ग्रॅम दाण्यांतून आठवड्याला लिटरमागे १९ मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट जमतं. दगडाच्या आतल्या छिद्रांत ते नाहीसं होतं असं विकणारा सांगेल. त्याच्या भरवशावर राहू नकोस, दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदल.

आणखी एक गोष्ट मऊ पाण्यासाठी. जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातला क्षारही खातात, एका ग्रॅमला सात ग्रॅमहून जास्त. तुझ्या पाण्यात तो मुळातच कमी, म्हणून काही महिन्यांनी पीएच हळूहळू घसरतो. तो सहाच्या खाली गेला की जिवाणू सुस्तावतात. तिसऱ्यांचं सुकं केलंत की मूठ-दोन मूठ शिंपले ठेव, उकळून, घासून, उन्हात वाळवून लहान जाळीत बांध आणि पिशव्यांच्या वर ठेव. पीएच सातच्या वर स्थिर राहिला की पुरे, त्याहून चढत गेला तर अर्धे काढ. बोअरवाल्यांनी हे करायचं नाही.

वीज तासा-दोन तासांसाठी गेली तर सम्पला काही होत नाही. त्याहून जास्त वेळ जाणार असेल तर पिशव्यांच्या कप्प्यात बॅटरीवरचा एअर पंप सोड, वर माशांना दुसरा, आणि त्या दिवशी दाणे बंद. कॅनिस्टरवाल्यांचे हाल जास्त असतात, बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो. वीज आल्यावर तो तसाच चालू करायचा नसतो, आतलं पाणी आधी मोरीत ओतायचं.

सुरुवातीला मासे लगेच सोडू नकोस. चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या सम्पमधल्या दोन पिशव्या मी तुला देतो, त्या टाकीच्या पाण्यात बुडवूनच ने, कोरड्या पिशवीत नाही. मग निम्म्या वेळात जमेल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवल्याशिवाय ऑस्कर आणायचे नाहीत, दुकानदार काहीही म्हणो.

पिशव्या शिवशील तेव्हा एक जास्तीची शिव, तिला लाल दोरी बांध आणि बाकीच्यांबरोबर सम्पमध्येच राहू दे. नवा मासा आणलास की तो आधी वेगळ्या लहान टाकीत ठेवायचा आणि ही लाल दोरीची पिशवी त्याच्याबरोबर द्यायची, म्हणजे ती टाकी पहिल्या दिवसापासून चालती होते. तिथे औषध घातलंस, किंवा मासा आजारी निघाला, तर ती पिशवी मोठ्या सम्पमध्ये परत आणायची नाही. ब्लीचच्या पाण्यात बुडव, खळखळून धू, हायपोच्या पाण्यात ठेव, उन्हात कडकडीत वाळव आणि मग नव्याने सम्पमध्ये टाक, महिना-दीड महिन्यात ती पुन्हा तयार होईल.